यादी माझी, नंबर दुसऱ्यांचे

प्रति,
अधिकारीवर्ग,
केंद्रीय इलेक्ट्रॉनिकी व माहिती तंत्रज्ञान मंत्रालय,
नवी दिल्ली

स. न. वि. वि.

बडोद्यात रावपुऱ्याला मरीमाता नो खांचो नावाची गल्ली आहे. मोबाईल बिघडला की गावातला माणूस आधी इथे येतो. त्या गल्लीत माझं दुरुस्तीचं काउंटर आहे, चौदा वर्षं झाली. डिस्प्ले बदलायचा, चार्जिंगचा जॅक बसवायचा, पावसात भिजलेला फोन उघडून सुकवायचा, हे माझं रोजचं काम. घरी मराठी, गल्लीत गुजराती आणि गिऱ्हाईक दांडिया बाजारातलं असलं की पुन्हा मराठी. हे पत्र मराठीत लिहितोय, कारण ज्यांच्यामुळे लिहावंसं वाटलं त्या माझ्याशी मराठीत बोलल्या. शिवाय डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने संमतीची सूचना संविधानाच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचायचा पर्याय मला दिलाय. मग त्याच विषयावरचं गाऱ्हाणं मी माझ्या भाषेत मांडलं तर आपण ते वाचाल, असं धरून चालतो.

मागणी आधीच सांगून टाकतो. भारतात विकल्या जाणाऱ्या कुठल्याही फोनमध्ये, कुठल्याही ॲपला, एका बटणासरशी सगळी कॉन्टॅक्ट लिस्ट मिळता कामा नये. फोन ज्याचा आहे त्याने बोट ठेवून निवडलेली नावं तेवढीच मिळावीत. आणि हे बंधन फोनच्या ऑपरेटिंग सिस्टिममध्येच, म्हणजे फोन चालवणाऱ्या ॲन्ड्रॉइड किंवा आयओएससारख्या मूळ सॉफ्टवेअरमध्येच, घातलेलं असावं.

गेल्या वर्षी श्रावणात एक काकू आल्या. वय सत्तरीच्या पुढे, फोन हातरुमालात गुंडाळलेला. म्हणाल्या, "अरे, यात काहीतरी घुसलंय. बघ जरा." तीन दिवस त्यांना अनोळखी नंबरांवरून फोन येत होते. बोलणारा माणूस हिंदीत बोलायचा, पण सुरुवात करायचा "आत्या" म्हणून. आत्या, तुमच्या भाच्याने पैसे बुडवलेत. आत्या, तुम्ही भरा. पाठोपाठ भाच्याचा फोटो आला, त्यावर लाल अक्षरांत "चोर" लिहिलेलं. काकूंनी त्या फोटोवर नखाने टकटक करून दाखवलं आणि विचारलं, "मी तर कधी काही डाउनलोड करत नाही. मग मी याची आत्या आहे हे त्या मेल्याला कळलं कसं?"

मी त्यांचा फोन उलटापालटा तपासला. कर्जाचं एकही ॲप नव्हतं. रविवारी त्यांचा भाचा सुरतेहून आला, त्याचा फोन घेऊन. मेसेजमध्ये आलेल्या लिंकवरून त्याने एक ॲप टाकलं होतं आणि सात दिवसांसाठी चार हजार रुपये उचलले होते. ॲपने कॉन्टॅक्ट मागितले, त्याने अलाऊ केलं. पैसे हवे होते, दुसरं काय करणार? आठव्या दिवसापासून फोन सुरू झाले. ते कोणाकोणाला आले, तो क्रम बघण्यासारखा आहे. पहिला फोन "साहेब ऑफिस". दुसरा "सासरे नवीन"; मुलाचा साखरपुडा दोनच महिन्यांपूर्वी झालेला. मग "पप्पा". मग "आत्या बडोदे".

दूधवाल्याला फोन गेला नाही. गॅस एजन्सीला गेला नाही. जिथे शरमेने मान खाली जाईल तिथेच गेला, आणि ती जागा कुठली हे वसुली करणाऱ्याला शोधावंही लागलं नाही. मुलाने स्वतःच्याच हाताने ते यादीत लिहून ठेवलं होतं. आपल्याकडे माणूस नाव-आडनाव घालून नंबर सेव्ह करतोच कुठे? "ताई पुणे", "मोठ्या वहिनी", "मामी नवसारी", "बाबांचे मित्र". अधिकारी मंडळींनी स्वतःचा फोन उघडून एकदा बघावं. तिथे दहा आकडी नंबर आहेतच, पण प्रत्येकाच्या शेजारी आपलं त्या माणसाशी नातं काय, तेही लिहिलेलं आहे.

जुन्या फोनमधून नव्यात डेटा टाकून द्यायचं कामही माझ्याकडे येतं, त्यामुळे एक गोष्ट मला ठाऊक आहे जी आपल्या कार्यालयात कदाचित कोणी सांगणार नाही. कितीतरी माणसं "एटीएम" नावाचा कॉन्टॅक्ट करून त्यात चार आकडे ठेवतात. आधारचा नंबर ठेवतात, लॉकरचा ठेवतात, नोटच्या रकान्यात पासवर्ड लिहितात. वयस्कर माणसांना तीच सगळ्यात सुरक्षित जागा वाटते, कारण फोन आपल्या खिशात असतो. ॲन्ड्रॉइड फोनमध्ये कॉन्टॅक्टची परमिशन दिली की हे सगळं त्याच्याबरोबर जातं: नाव, नंबर, ईमेल, पत्ता, वाढदिवस, नोट. एक नाव दाखवण्यापुरती वेगळी परमिशन आणि सगळी वही उचलून देण्याची वेगळी, असा फरक माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक फोनांत नाही. हो म्हणा, नाहीतर नाही म्हणा.

काकूंकडे परत येतो, कारण खरी गोष्ट त्यानंतर घडली. फोन हातात होताच, म्हणून सेटिंगमध्ये जाऊन कॉन्टॅक्ट कोणाकोणाला दिलेत ते उघडून त्यांना दाखवलं. यादीत एक पंचांगाचं ॲप निघालं. तिथी, एकादशी, राहुकाळ सांगणारं. मी विचारलं, काकू, याला अलाऊ का केलं? त्या म्हणाल्या, "ते संपर्काचं काहीतरी विचारत होतं. मला वाटलं चतुर्थी-बितुर्थी असली की ते माझ्याशी संपर्क करतील."

त्यांचा फोन मराठीत आहे. मराठी फोनमध्ये कॉन्टॅक्टला "संपर्क" म्हणतात. ज्या बाईने आयुष्यभर "संपर्क साधावा" एवढ्याच अर्थाने हा शब्द वाचलाय, तिने दुसरा कुठला अर्थ लावावा? आणि अशी संमती दिली गेली की कायद्याच्या भाषेत तिला समजून-उमजून दिलेली संमती म्हणायचं का, हे मी आपल्याला मनापासून विचारतो.

त्यांच्या यादीत एकशे शहाऐंशी नावं होती. मी परमिशन बंद करत होतो आणि त्या चष्मा वर करून स्क्रीनवरची नावं वाचत होत्या. एका नावापाशी थांबल्या. नाव नव्हतंच ते, नुसतं "हे" लिहिलेलं. काकांना जाऊन सहा वर्षं झाली, नंबर त्यांनी काढलेला नाही. "म्हणजे ह्यांचाही मी देऊन टाकला?" असं त्या म्हणाल्या. पुढे काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने विचारलं, "आता बंद केलंस ना? मग परत येईल ना तो?"

नाही येत. परमिशन बंद केली म्हणजे इथून पुढे वाचता येत नाही एवढंच. आधी जे वाचून नेलं ते गेलं. नेलं की नाही, हेही मला सांगता येत नाही. ॲन्ड्रॉइड १२ पासून प्रायव्हसी डॅशबोर्ड आहे, त्यात कोणत्या ॲपने लोकेशन, कॅमेरा, माईक कधी वापरला ते दिसतं. पण उघडलेली वस्तू फोनबाहेर कुठे पाठवली, ते त्यात दिसत नाही. इंटरनेट वापरायची परमिशन तर ॲन्ड्रॉइड विचारतही नाही. ॲप टाकलं की ती आपोआप मिळते. एका हातात यादी आणि दुसऱ्या हातात इंटरनेट आलं की मधे अडवणारं कोणी उरत नाही.

आता कायद्याकडे येतो. मी वकील नाही, पण डेटा संरक्षणाचा २०२३ चा कायदा मी बसून वाचलाय. माहिती ज्या व्यक्तीशी संबंधित आहे तिला त्यात "डेटा प्रिन्सिपल" म्हटलंय, आणि संमती तिची लागते. काकूंचा नंबर भाच्याच्या फोनमध्ये असला तरी माहिती काकूंशीच संबंधित आहे. भाच्याने तो आपल्या घरगुती वापरासाठी ठेवला, त्याला कायद्याची हरकत नाही. पण ॲपने तो उचलला तेव्हा काकूंना कोणी विचारलं? भाच्याच्या एका अलाऊने त्याच्या यादीतल्या शेकडो माणसांची संमती मिळाली असं धरलं गेलं, आणि त्यातल्या एकालाही खबर नाही. लोकेशन माझं असतं, कॅमेऱ्यासमोरचा चेहरा बहुतेक वेळा माझा असतो. तिथे माझं हो किंवा नाही याला अर्थ आहे. कॉन्टॅक्टच्या बाबतीत माझं हो पुरत नाही, कारण जे देतोय ते माझं नाहीच. म्हणून बाकी परमिशनींच्या रांगेत याला बसवू नये, असं माझं म्हणणं आहे.

याच कायद्याच्या सहाव्या कलमात एक उदाहरण दिलंय, ते वाचून मला फार बरं वाटलं होतं. एक व्यक्ती टेलिमेडिसिनचं, म्हणजे घरबसल्या डॉक्टरी सल्ला देणारं ॲप घेते. ॲप दोन गोष्टींना संमती मागतं: वैद्यकीय सेवेसाठी तिची माहिती वापरायला, आणि तिच्या फोनमधली कॉन्टॅक्ट लिस्ट बघायला. ती दोन्हींना हो म्हणते. कायदा म्हणतो, वैद्यकीय सेवेला कॉन्टॅक्ट लिस्टची गरज नाही, म्हणून तिची संमती सेवेपुरतीच धरायची. संसदेने नेमकं हेच उदाहरण निवडलं, म्हणजे दुखणं दिल्लीला माहीत आहे. पण काउंटरवरून बघितलं तर काय होतं? फोनला ते उदाहरण ठाऊक नाही. तिने हो दाबलं की फोन यादी देऊन मोकळा होतो. संमती ग्राह्य नव्हती हे नंतर कधीतरी सुनावणीत ठरेल, तोवर "सासरे नवीन" यांना फोन जाऊन आलेला असतो. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य तरतुदी त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. हा मधला काळ मला फोनमधल्या दुरुस्तीसाठी वापरावासा वाटतो.

बाकी कोणी काहीच केलं नाही असं मी म्हणणार नाही. रिझर्व्ह बँकेने २ सप्टेंबर २०२२ च्या डिजिटल कर्जाच्या सूचनांत स्पष्ट लिहिलं की कर्जाच्या ॲपने फोनमधल्या फाइली, कॉन्टॅक्ट लिस्ट, कॉल लॉग यांना हात लावायचा नाही. गूगलने आपल्या प्ले स्टोअरवरच्या वैयक्तिक कर्जाच्या ॲपना ३१ मे २०२३ पासून कॉन्टॅक्ट आणि फोटो घ्यायला मनाई केली. दोन्ही चांगले निर्णय. पण भाच्याचं ॲप प्ले स्टोअरवरून आलंच नव्हतं, आणि ते चालवणारा रिझर्व्ह बँकेच्या सूचना वाचून धंदा करणारा नव्हता. स्टोअरचा नियम स्टोअरच्या दारापर्यंत, बँकेचा नियम बँकेला विचारून चालणाऱ्यांपर्यंत. शिवाय दोन्ही फक्त कर्जापुरते. पंचांग, टॉर्च, कीबोर्ड, सोसायटीच्या गेटचं ॲप, वधूवरांचं ॲप, यांचं काय? अलाऊ दाबायच्या क्षणी गिऱ्हाइकासमोर ना रिझर्व्ह बँक असते, ना मी असतो. तिथे फक्त ऑपरेटिंग सिस्टिम असते. म्हणून बंधन तिथे हवं.

तांत्रिक अडचण आहे म्हणून कोणी आपल्याला थांबवायला आलं तर कृपया हा इतिहास समोर ठेवावा. २०१५ पर्यंत ॲन्ड्रॉइडमध्ये ॲप टाकतानाच सगळ्या परमिशन एकगठ्ठा द्याव्या लागत. नको असेल तर ॲपच नको. त्या वर्षी ॲन्ड्रॉइड ६ आलं आणि एकेक परमिशन वेगळी विचारली जाऊ लागली. २०१९ मध्ये लोकेशन फक्त ॲप वापरत असतानाच द्यायची सोय आली, २०२० मध्ये "फक्त या वेळी" आलं. फोटोंच्या बाबतीत आयफोनने २०२० मध्येच निवडलेले तेवढेच फोटो द्यायला सुरुवात केली. ॲन्ड्रॉइडने २०२३ मध्ये चौदाव्या आवृत्तीत तसंच केलं. आणि २०२४ मध्ये आयफोनच्या आयओएस १८ मध्ये कॉन्टॅक्टमधूनही निवडक नावं देता येऊ लागली. म्हणजे मी मागतोय ती वस्तू एका कंपनीच्या फोनमध्ये चालू आहे, तीही आपल्याच बाजारात. ॲन्ड्रॉइडमध्ये तर एखादं नाव यादीतून निवडून ॲपला द्यायची सोय फार जुनी आहे आणि तिला परमिशनच लागत नाही. रिचार्जला एक नंबर हवा तर ॲपने तेवढाच मागावा. पण पूर्ण यादी मागायची मुभा असताना एकच नाव कोण मागेल?

जुन्या फोनांचं काय, हाही प्रश्न येईल, आणि माझ्यासाठी तो सगळ्यात मोठा आहे. माझ्याकडे येणारे फोन चार-पाच वर्षं वापरलेले असतात. आजीचा फोन नातवाने टाकलेला असतो. त्यांना नवी आवृत्ती मिळत नाही. पण इथेही वाट आहे. बरेच दिवस न उघडलेल्या ॲपच्या परमिशन आपोआप काढून घ्यायची सोय २०२० मध्ये ॲन्ड्रॉइड ११ बरोबर आली, आणि पुढे गूगलने तीच, फोनमध्ये आधीपासून असलेल्या आपल्या प्ले सर्व्हिसेस या सॉफ्टवेअरमार्फत, ॲन्ड्रॉइड ६ पर्यंतच्या जुन्या फोनांना दिली. एकदा जमलं ते पुन्हा जमवता येईल.

बंधन घालताना विचार करावा, हेही मला कळकळीने सांगायचं आहे. माझे एक गिऱ्हाईक दृष्टिहीन आहेत, गाणं शिकवतात. ओळखीच्या एका मुलाने त्यांच्यासाठी छापील कागद वाचून दाखवणारं ॲप बनवून दिलं होतं. नव्या फोनमध्ये ते चालेना. ॲन्ड्रॉइड १३ पासून स्टोअरबाहेरच्या ॲपला ॲक्सेसिबिलिटी, म्हणजे अपंगांच्या मदतीसाठी स्क्रीन वाचायची परमिशन, सहज मिळत नाही, आणि ते बंधन योग्यच आहे, कारण तीच परमिशन घेऊन चोर स्क्रीन वाचतात. पण ते उठवायचा रस्ता ॲपच्या माहितीत जाऊन कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांत दडवलेला आहे. डोळस माणसाला सापडत नाही, तर त्यांना कुठून सापडणार? दोन दिवस त्यांना शिकवणीच्या मुलाकडून पत्रं वाचून घ्यावी लागली. तसंच कॉन्टॅक्टचं. फोन बदलताना सगळी यादी हलवणारं ॲप लागतं, मी स्वतः ते वापरतो. अशा कामाला पूर्ण यादी द्यावी, पण त्यासाठी फोनच्या लॉकचा पिन विचारावा आणि काम झालं की परमिशन आपोआप मिटावी.

एक गोष्ट मात्र कुठल्याही सबबीवर सोडू नका. बंधन फक्त बाहेरून आलेल्या ॲपना लावलं आणि फोनबरोबर आलेल्यांना मोकळं सोडलं, तर ते अर्धवट राहील. डब्यातून काढलेला नवा फोन मी चालू करतो तेव्हा त्यात ढीगभर ॲप आधीच असतात, आणि त्यातल्या काहींना कॉन्टॅक्टची परमिशन कोणी न विचारता दिलेली असते. गिऱ्हाइकाने अजून सिमही घातलेलं नसतं. काकूंच्या नंबराला दोघांकडून सारखाच धोका आहे.

सरकारने सांगितल्यावर फोन बदलतो, हे मी माझ्याच काउंटरवर पाहिलंय. २०१६ मध्ये दूरसंचार विभागाने संकटात मदत बोलावणाऱ्या पॅनिक बटणाचा नियम केला, आणि त्यानंतर साध्या बटणाच्या फोनमध्येही ती सोय आली. त्या वेळीही अडचणी सांगितल्या गेल्या असतीलच. फोन बनवणारे मोठे बाजार सोडून जात नाहीत.

तेव्हा आपण एवढं करावं. परमिशनच्या चौकटीत "संपर्क" असा एकटा शब्द नको. "तुमच्या फोनमधली इतकी नावं आणि नंबर हे ॲप वाचू शकेल" असं आकड्यासकट लिहायला लावावं. काकूंना "१८६ नावं" दिसलं असतं तर त्या थांबल्या असत्या, हे मी त्यांना ओळखतो म्हणून सांगतो. त्याच चौकटीत पहिलं बटण "नावं निवडा" हे असावं. ज्या ॲपला नकार दिला त्याने रुसून बंद पडायचं नाही, हेही फोन बनवणाऱ्यांनी बघावं; आज कितीतरी ॲप नकार दिला की पुढचं पानच उघडत नाहीत, आणि माणूस कंटाळून हो म्हणतो.

भाच्याने १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. साखरपुडा टिकला, दोन्हीकडच्या मोठ्यांनी समजून घेतलं. काकूंना अजून अधूनमधून फोन येतो, वेगळ्या नंबरावरून, आणि अजूनही आवाज म्हणतो "आत्या". त्या उचलत नाहीत. पण खरा भाचा फोन करतो तेव्हाही आता त्या आधी मला दाखवायला येतात, की हा नंबर त्याचाच आहे ना.

आपल्या उत्तराची वाट बघतो. मराठीत दिलंत तर काकूंना वाचून दाखवता येईल.

आपला नम्र,
मोबाईल दुरुस्ती करणारा एक कारागीर
मरीमाता नो खांचो, रावपुरा, बडोदे